रविवारी साडेदहा ते दीड : मुंबईत निवांत बसून खाण्याच्या जागा

रविवारी उशिरा उठल्यावर नाश्ता करावा की थेट जेवायला बसावे, हा प्रश्न मुंबईतल्या पुष्कळ घरांत दहाच्या सुमारास उभा राहतो. त्याचे उत्तर बाहेर जाऊन शोधणाऱ्यांसाठी, आणि साडेदहा ते दीड या वेळात एकदाच पण पोटभर खाणाऱ्यांसाठी, म्हणजे ब्रंच करणाऱ्यांसाठी, हे परीक्षण लिहिले आहे. पंचतारांकित हॉटेलांतल्या रविवारच्या बुफेंचा येथे विचार केलेला नाही, कारण बुफेत माणूस भुकेपेक्षा दिलेले पैसे वसूल करण्यासाठी अधिक खातो. वांद्र्यापासून लोअर परळपर्यंत पसरलेल्या नव्या कॅफेंविषयी पुढे एका परिच्छेदात लिहिले आहे. तेवढे पुरेसे आहे. हे माझे शहर आहे, आणि माझ्या शहरात या वेळेचे चांगले खाणे उडुपी, इराणी आणि मराठी अशा तीन स्वयंपाकघरांतून येते.

अशा जागेकडून माझ्या तीन अपेक्षा असतात. पदार्थ इतका भरीव असावा की दुपारचे जेवण आपोआप टळावे. तो त्याच वेळी होत असावा, सकाळी करून झाकून ठेवलेला नसावा. आणि खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास कोणी उठवू नये. या तिन्ही अपेक्षा एकाच छपराखाली पुऱ्या होणे मुंबईत फार अवघड आहे, आणि त्याला कारणही आहे. इडली-डोशासारखे पदार्थ ताजे राहतात ते उलाढालीमुळे. दर काही मिनिटांनी टेबल रिकामे होते, म्हणून तवा आणि वाफेचे भांडे थंड पडत नाही. म्हणजे बाहेरची रांग ही गैरसोय नसून पदार्थाच्या ताजेपणाची हमीच असते, पण त्याच रांगेमुळे आत बसलेल्याला निवांतपणा लाभत नाही. अनेक वर्षे या शहरात रविवारचे खाणे शोधल्यावर माझे मत असे झाले आहे की, मुंबईत ब्रंच दोन ठिकाणी विभागून घ्यावा : एका ठिकाणी खावे आणि दुसऱ्या ठिकाणी बसावे. पुढच्या शिफारशी या बेताने केल्या आहेत.

माटुंग्यापासून सुरुवात करणे रास्त ठरेल. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर मोकळी वस्ती उभी करण्यासाठी ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि मधूनमधून बागा असलेल्या या भागात कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या दक्षिण भारतीय कुटुंबांनी घरे घेतली, आणि त्यांच्यामागोमाग कानडी किनाऱ्यावरचे उपाहारगृहवाले आले. म्हणूनच किंग्ज सर्कल आणि माटुंगा स्थानक यांच्या आसपास, पायी सहज जाता येईल एवढ्या अंतरात, 1936 चे कॅफे म्हैसूर, 1939 चे राम आश्रय, 1940 चे कॅफे मद्रास आणि 1942 चे ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग अशी चार जुनी स्वयंपाकघरे आजही सापडतात. सहा वर्षांच्या अवधीत उघडलेल्या चार जागा इतकी दशके एकमेकींच्या शेजारी टिकून राहतात, याचा अर्थ त्या भागातले गिऱ्हाईक चिकित्सक आहे. सांबार बिघडले तर माणसे पलीकडच्या दारात जातात.

या चौघांपैकी कॅफे मद्रासला माझे सर्वाधिक गुण आहेत. कामत कुटुंबाने चालवलेली ही जागा छोटी आहे, आणि रविवारी दहानंतर तिच्यासमोरच्या पदपथावर जी गर्दी उभी असते ती पाहून नवखा माणूस परत फिरण्याची शक्यता आहे. परत फिरू नये. दारावरच्या माणसाकडे नाव आणि किती जण आहोत ते सांगावे, आणि हाक येईपर्यंत सावली धरून उभे राहावे. दोघे असाल तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसण्याची तयारी ठेवावी; तेथे त्यात कोणाला वावगे वाटत नाही, उलट शेजारच्या ताटात काय आले आहे हे पाहून आपली मागणी ठरवता येते, हा फायदाच आहे.

आत गेल्यावर सर्वप्रथम रसम वडा मागवावा. रसमात मुरलेला वडा हा वरकरणी साधा पदार्थ आहे, पण त्यात दोन चुका फार सहज होतात : रसम पाण्यासारखे पातळ आणि नुसते आंबट होते, किंवा वडा आत कोरडा राहून बाहेरून चोथा होतो. येथे वडा चमच्याने तुटतो पण विरघळत नाही, आणि रसमातली मिरी घशाशी जाणवते. त्यानंतर रागी डोसा किंवा नीर डोसा घ्यावा. नीर डोशाचे पीठ आंबवलेले नसते. तांदूळ भिजवून, वाटून, पाण्यासारखे पातळ करून तो लगेच घालतात, त्यामुळे दिवस चढला म्हणून त्याची चव बदलत नाही. आंबवलेल्या पिठाचे तसे नाही. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात पहाटेचे पीठ दुपारकडे आंबटपणाकडे झुकते, आणि कमी गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलात साडेअकराचा मसाला डोसा आठच्या डोशापेक्षा हमखास उणा निघतो. गर्दीच्या जागी पीठ तेवढा वेळ उरतच नाही. पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी, आणि लोणी लावलेली इडली ज्यांना आवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. मला स्वतःला लोण्याने पोडीतल्या मिरचीची आणि डाळीची धार बोथट झाल्यासारखी वाटते, आणि मी तिळाच्या तेलात कालवलेली पोडी अधिक पसंत करतो. शेवटी फिल्टर कॉफी. ती आल्यावर मात्र गप्पा मारत बसण्याचा मोह आवरावा, कारण काचेपलीकडची मंडळी आपल्याच पेल्याकडे पाहत असतात.

राम आश्रयविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची खरी वेळ ब्रंचची नाही. माटुंगा स्थानकाजवळच्या या हॉटेलात पहाटे पाचपासून चूल पेटलेली असते, आणि तेथली उत्तम इडली व पोंगल हे लवकर उठणाऱ्याचे बक्षीस आहे. तरीही उशिरा जाणाऱ्याने एका पदार्थासाठी आत डोकवावे, आणि तो म्हणजे शिरा. अननसाचा शिरा येथे प्रसिद्ध आहे, आणि एरवीही फळांचे निरनिराळे शिरे होतात. त्या दिवशी काय आहे ते फळ्यावर वाचून कळते. तूप सढळ असते, आणि फळाचे तुकडे दाताखाली येतात. गोड आधी खाऊन तिखटाकडे वळणाऱ्यांची पंगत मुंबईत मोठी आहे आणि मी त्यांच्यातला आहे.

भूक खरोखर मोठी असेल, आणि नाश्त्याच्या नावाखाली जेवायचेच असेल, तर ए. रामा नायक यांच्या बोर्डिंगकडे जावे. माटुंगा स्थानकासमोर, पहिल्या मजल्यावर ही जागा आहे, आणि दुपारच्या जेवणाची पंगत येथे इतर ठिकाणांपेक्षा बरीच लवकर सुरू होते. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या, पापड, ताक असे साधे जेवण वाढतात आणि पुरे म्हणेपर्यंत वाढत राहतात. मुंबईत उडुपी हॉटेलांची परंपरा रुजवणाऱ्यांमध्ये रामा नायक यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, आणि त्यांच्या जेवणाचा सौम्यपणा हीच त्याची ओळख आहे. तिखट-मसालेदार खाण्याची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला हे जेवण फिके वाटेल. दुसऱ्या वाढीच्या रसमभातापर्यंत थांबावे, मग मत बनवावे. पान उचलल्यानंतर मात्र येथेही रेंगाळण्याची सोय नाही, कारण जिन्यावर पुढची पंगत तिष्ठत असते.

आता बसण्याविषयी. किंग्ज सर्कलच्याच वर्तुळावर, कॅफे मद्रासपासून हाकेच्या अंतरावर, कुलार अँड कंपनी हे 1932 सालचे इराणी हॉटेल आहे. मी सुचवतो तो बेत असा : मद्रासला रसम वडा आणि डोसा खावा, कॉफी मुद्दाम टाळावी, आणि चौक ओलांडून कुलारमध्ये चहा घेत बसावे. उंच छत, पंखे, रस्त्याकडे उघडणारी मोठी दारे आणि समोर फिरणारी वाहने. येथे एका चहावर दोन वर्तमानपत्रे वाचून होतात. ज्यांच्या पोटात अजून जागा असेल त्यांनी तेथले रेसलर ऑम्लेट विचारावे. नावाला शोभेल एवढा त्याचा आकार असतो, आणि दोघांत एक पुरते. उडुपी खाणे आणि इराणी बसणे यांचा असा जोड शहरात दुसरीकडे इतक्या कमी अंतरात मिळत नाही, म्हणून माटुंगा माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

इराणी माणसाला गिऱ्हाईक बसवून ठेवणे परवडते ते का, याचाही विचार करण्यासारखा आहे. यझ्द आणि केरमान या इराणी प्रांतांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईत आलेल्या कुटुंबांनी ही हॉटेले उघडली. कोपऱ्यावरची दुकाने हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. खरे काहीही असो, दोन रस्त्यांना तोंड असलेली दुकाने त्यांच्या वाट्याला आली, आणि उजेड-वारा त्याबरोबर आला. पुढे 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली, आणि पागडीच्या जागेत धंदा करणाऱ्याला प्रत्येक खुर्चीकडून तासाचा हिशेब मागण्याची गरज उरली नाही. दुसरे कारण स्वयंपाकघरातले आहे. पाव आणि केक भट्टीतून पहाटेच बाहेर पडलेले असतात, अंडी मागणीनुसार फोडली जातात, चहा दिवसभर उकळत असतो. यातल्या कशाचीही चव टेबल किती वेगाने रिकामे होते यावर अवलंबून नाही. हीच हॉटेले एके काळी शहरात शेकड्यांनी होती आणि आज बोटांवर मोजावी लागतात, कारण त्याच जागांचे बाजारभाव आता चहा-पावाच्या मिळकतीला झेपण्यापलीकडे गेले आहेत.

उरलेल्यांपैकी धोबी तलावावरचे कयानी अँड कंपनी हे ब्रंचसाठी सर्वांत परिपूर्ण आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. 1904 मध्ये सुरू झालेले हे हॉटेल मेट्रो चित्रपटगृहासमोरच्या जेर महाल इमारतीत आहे. चौकटीचे टेबलपोश, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, असा सारा थाट शाबूत आहे, आणि तो पर्यटकांसाठी नव्याने रचलेला नाही. फोर्ट आणि काळबादेवीच्या कचेऱ्या रविवारी बंद असल्यामुळे या भागातला रस्ता त्या दिवशी मोकळा श्वास घेतो. आठवड्यातल्या इतर दिवशी येथे जी धावपळ असते तिचा मागमूस नसतो. दहा ते अकरा या वेळात छायाचित्रे काढणाऱ्यांची आणि वारसा फेरीला आलेल्यांची वर्दळ होते, तेव्हा थोडे थांबावे लागते, पण टेबल मिळाले की ते आपले असते.

काय मागवावे, याबाबत माझा आग्रह क्रमाचा आहे. येथे सगळे एकदम मागवू नये. प्रथम ब्रुन मस्का आणि चहा घ्यावा. बन हा मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रुन म्हणजे बाहेरून कडक कवच आणि आत पोकळ-जाळीदार गर असलेला पाव, आणि चहात बुडवण्यासाठी देवाने तोच घडवला आहे. बुडवताना लोण्याचे थेंब चहावर तरंगले तर लाजण्याचे कारण नाही. आजूबाजूच्या कपांतही तेच दृश्य असते. दुसऱ्या फेरीत आकुरी किंवा खिमा मागवावा. आकुरी ही पारशी पद्धतीची अंडाभुर्जी आहे, पण आपल्या गाडीवरच्या भुर्जीसारखी ती कोरडी होईपर्यंत परतत नाहीत. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि टोमॅटो यांत अंडी जेमतेम आवळतात आणि ओलसर असतानाच ताटात उतरवतात. ज्यांना ओलसर अंडे चालत नाही त्यांनी खिमा घोटाळा घ्यावा, ज्यात खिम्यातच अंडे फेटून एकजीव केलेले असते आणि पावाचे चार तुकडे त्यासाठी कमी पडतात. तिसऱ्या फेरीला मावा केक किंवा कॅरमल कस्टर्ड. या तीन फेऱ्यांत दीड तास सहज जातो, आणि तोवर पुरेसे खाल्लेले असते, तरी जड वाटत नाही. शाकाहारी मंडळींना मात्र कयानीत निवड मर्यादित आहे. ब्रुन, बिस्किटे आणि चहा यांवर त्यांचे ब्रंच निभावणार नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

तेथूनच थोड्या अंतरावर 1913 चे ससानियन आहे. कयानीत जागा नसेल तेव्हा तेथे जावे असे सांगितले जाते, पण हा त्या जागेवर अन्याय आहे, कारण बेकरीच्या मालात ससानियन कोणाला हार जात नाही, आणि गर्दीही तुलनेने कमी असते. मोठ्या आवाजाचा त्रास होणारी वडीलधारी माणसे बरोबर असतील तर मी आधी ससानियनच सुचवेन.

आता नव्या कॅफेंविषयीचा तो परिच्छेद. उपनगरातल्या अशाच एका कॅफेत अलीकडे मित्रांसह गेलो होतो. बसायला जागा ऐसपैस होती, कोणी उठवले नाही, भिंतीवर झाडे लावलेली होती. अंडी मागवून चाळीस मिनिटांनी आली ती थंड, आणि पाव चिवट. देयकात सेवाशुल्क आधीच जोडलेले होते, ते काढायला सांगितल्यावर काढले, पण सांगावे लागले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क देयकात परस्पर जोडता येत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या एका बैठकीच्या खर्चात धोबी तलावावर चौघे यथेच्छ खाऊन घरी पाकीट भरून केक नेऊ शकले असते. सगळे नवे कॅफे असेच असतात असे नाही. परंतु तेथे आपण मुख्यतः खुर्चीचे भाडे भरतो, आणि खाणे त्याबरोबर येते, हे समजून जावे.

दादरकडे वळल्यावर मला तटस्थ राहणे कठीण जाते, तरी प्रयत्न करतो. मराठी उपाहारगृहांतले पदार्थ साडेअकराच्या वेळेला विशेष अनुकूल आहेत, आणि ही गोष्ट पुरेशी कोणी बोलत नाही. इडली वेळ गेल्यावर उतरते, मिसळ चढते. सकाळी फोडणी दिलेली उसळ मंद आचेवर दोन-तीन तास राहिली की मटकीत मसाला उतरतो, तर्री वर येते, आणि फरसाण व कांदा आयत्या वेळी पडत असल्यामुळे कुरकुरीतपणा कायम राहतो. म्हणून मिसळीसाठी आठ वाजता धावत जाण्याऐवजी अकराला जाणे शहाणपणाचे आहे. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादमधली मिसळ लंडनमधल्या एका खाद्यपुरस्कारात गौरवली गेली तेव्हापासून तिच्याविषयी अपेक्षा अवास्तव वाढल्या आहेत. कोल्हापुरी रश्श्याची धग किंवा पुण्याच्या पोहे घातलेल्या मिसळीचा भरीवपणा तिच्यात शोधू नये. ही मुंबईची मध्यमवर्गीय मिसळ आहे : जिरे-धण्याचा वास पुढे, तिखट मागे, किंचित गोडसर झाक, आणि दुसरा पाव मागवताना नाकातून पाणी न येता खाता येईल अशी.

आस्वादमध्ये मी मात्र थालीपीठासाठी जातो. भाजणी नीट भाजलेली असली की थालीपीठाला जो खमंग वास येतो तो येथे दाराशीच जाणवतो, आणि वर लोण्याचा गोळा असतो. थालीपीठ सावकाश होते, त्यामुळे बसल्याबरोबर आधी तेच सांगावे आणि ते येईपर्यंत कोथिंबीर वडी किंवा मिसळ खावी. डाळिंबी उसळ असेल तर सोडू नये; सोललेले वाल हे घरी करायचे म्हटले तर आदल्या दिवसाचे काम असते, आणि बाहेर ते मिळणे हीच मोठी सुखसोय आहे. जागा वातानुकूलित आहे, कुटुंबे बसलेली असतात, लहान मुलांना मोदक किंवा पुरणपोळी देऊन गप्प बसवता येते. दर इतर मराठी उपाहारगृहांपेक्षा चढे आहेत, आणि ते मला रास्त वाटतात.

गोखले रस्त्यावरच्या प्रकाश उपाहार केंद्राचा स्वभाव अगदी वेगळा आहे. साधी टेबले, झटपट वाढप, टेबलावर दुसऱ्यांबरोबर बसणे, आणि साबुदाणा वडा. साबुदाणा वड्याबाबत माझा एकच नियम आहे : कढईतून काढताना दिसत असेल तरच मागवावा, कारण दहा मिनिटे पडलेला वडा बाहेरून कातडी होतो आणि आतला साबुदाणा गोळा बनतो. प्रकाशमध्ये रविवारी हा प्रश्नच उद्भवत नाही. वडे उतरताच संपतात. बरोबर मिळणारी शेंगदाण्याची चटणी वड्याइतकीच महत्त्वाची आहे. शेवटी पीयूष घ्यावे; केशर-वेलचीचे ते दाट, गोड पेय पोटातल्या शेवटच्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते आणि दुपारच्या जेवणाचा विषय तेथेच मिटतो. संकष्टी किंवा एकादशी रविवारी आली तर मात्र दादरच्या सर्वच मराठी उपाहारगृहांत उपवासाच्या पदार्थांसाठी दुप्पट झुंबड उडते, तेव्हा पंचांग पाहून निघावे.

दादर स्थानकाजवळचे मामा काणे हे 1910 पासूनचे उपाहारगृह. गाडीतून उतरल्याबरोबर भूक अनावर झाली असेल तर तेथला बटाटावडा खाऊन पुढे चालू लागावे. पण बेत लांबवायचा असेल तर तो मुक्काम नव्हे, टप्पा आहे.

दादरमध्ये बसण्याचे काय, असा प्रश्न येईल, कारण आस्वाद काय किंवा प्रकाश काय, रविवारी दोन्हीकडे रांग असते. येथे इराण्याची गरज नाही; शिवाजी पार्कचा कट्टा आहे. मैदानाभोवतीचा किलोमीटरभराहून लांब असा हा कठडा फुकट आहे, पावसाळा सोडला तर बारमाही आहे, आणि पर्जन्यवृक्षांच्या सावलीखालची बाजू साडेबारापर्यंतही सुसह्य असते. समोर एकाच मैदानावर पाच-सहा क्रिकेट सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात, आणि कोणता क्षेत्ररक्षक कोणत्या सामन्यातला हे ओळखण्यात वेळ बरा जातो.

गिरगावकर वाचक रागावण्यापूर्वी ठाकूरद्वारच्या फणसवाडीतल्या विनय हेल्थ होमचाही उल्लेख करतो. आस्वादच्या मिसळीपेक्षा विनयची मिसळ मला अधिक झणझणीत वाटते, आणि निव्वळ मिसळीचाच निकाल द्यायचा झाला तर मी विनयला कौल देईन. खाऊन झाल्यावर पायी खोताच्या वाडीत जावे. लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारे जिने असलेली जुनी घरे आजही तेथे थोडीफार उभी आहेत. तेथे लोक राहतात, एवढे भान ठेवून छायाचित्रे काढावीत.

जाण्या-येण्याविषयी काही सूचना आवश्यक आहेत. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो, आणि माटुंगा ते मुलुंड हा त्याचा नेहमीचा पट्टा आहे. ठाण्या-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी शनिवारीच वेळापत्रक पाहावे आणि जाताना दहाच्या आत गाडी पकडावी. माटुंग्याला धीम्या गाड्याच थांबतात. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून पादचारी पुलाने पूर्वेकडे यावे. अंतर चालण्याजोगे आहे. धोबी तलावासाठी मरीन लाइन्स जवळचे. चारचाकी घेऊन जाण्याचा विचार माटुंगा आणि दादर या दोन्ही ठिकाणी सोडून द्यावा, कारण गाडी उभी करण्याच्या शोधातच रांगेतला आपला क्रमांक निघून जातो.

गुडघेदुखी असलेल्यांना रामा नायक यांचा जिना जड जातो. त्यांच्यासाठी तळमजल्यावरच्या कुठल्याही जागेची निवड करावी. आणि मंडळी आठ-दहा असतील तर वर सांगितलेल्या एकाही ठिकाणी एकत्र बसण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच जणांच्या दोन गटांत नावे द्यावीत, ज्याला आधी हाक येईल त्याने आत जावे, आणि भेटीची जागा आधीच ठरवून ठेवावी : दादरला कट्टा, आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलची बाग किंवा, चालण्याची हौस असेल तर, पारशी कॉलनीतले फाइव्ह गार्डन्स.